माथ्यावरचा पट्टा

मी अक्षरं शिकलो ती पत्रकांवर. चुलते नांदेडच्या सभेहून परतले की त्यांच्या पिशवीत गुलाबी, पिवळी पत्रकं असायची. बुद्धविहाराच्या ओट्यावर ती मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडं. वाक्य म्हणजे आरोळीच, असं माझ्या डोक्यात तेव्हापासून बसलं होतं.

आमचं गाव उदगीर-देगलूर रस्त्यापासून आत. गावामागं वनखात्याचा माळ, आणि माळावर एक बंद कुरण. माझे वडील तिथं रोजंदारीवर राखणदार होते. कुरणाची रीत साधी होती. पावसाळ्यात गुरं आत सोडायची नाहीत. पवन्या, मारवेल अशी चांगली गवतं वाढू द्यायची, बी धरू द्यायचं. वडील तुरा तळहातावर चोळून बघत. बी सुटायला लागलं की मगच, दिवाळीच्या पुढंमागं, गावाला विळे घेऊन आत यायची मुभा. कापायचं तेही चार बोटं वर. आणि माथ्यावरचा एक पट्टा कापायचाच नाही. तो हरणांचा. हिवाळ्यात काळविटांचा कळप त्यात बसायचा, लाव्यांची घरटीही तिथंच असायची. हे कुठल्या कागदावर नव्हतं. वडिलांनीच पट्टा राखायला सुरुवात केली होती आणि खात्याच्या साहेबांनी मान डोलावली होती.

त्या साली मृग कोरडा गेला, आर्द्राही. श्रावणात दोन सरी आल्या, तेवढ्यावर कुरणात गुडघाभर नाही पण वीतभर गवत उठलं. बाहेर काडी नव्हती. पोळ्याला बैल उभे केले तेव्हा त्यांच्या बरगड्यांवर झुली ठरत नव्हत्या. लातूर जिल्हा नुकताच झालेला. कुठला अर्ज कुठल्या कचेरीत द्यायचा, हे गावात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. म्हणून मी पत्रक लिहायला घेतलं.

“काय लिहायलास?” वडिलांनी विचारलं.

त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं: कुरण जनतेचं आहे, ते आत्ता खुलं करा. सरकारसाठी एक काडीही मागे ठेवू नका.

“मागणी बराबर हाय,” ते म्हणाले. “महिना चुकला. बी धरायचंय अजून. दिवाळीपस्तोर थांब.”

“बा, दिवाळीपर्यंत गुरं मरतील.”

“काही मरतील. पर बी न्हाई पडलं तर पुढच्या साली कुरणच मरल.” थोडं थांबून म्हणाले, “मग निम्मं तरी ठेवा म्हणून लिही.”

निम्म्या मागणीचं पत्रक मी आयुष्यात वाचलं नव्हतं. “तुम्ही खात्याचे झालात, बा,” मी म्हणालो. रोजंदारीवरच्या, कायम होण्याची वाट बघून थकलेल्या माणसाला मी हे म्हणालो. त्यांनी काठी घेतली आणि माळावर गेले.

देगलूरला जाऊन पत्रकाच्या सायक्लोस्टाइल प्रती काढून आणल्या. तहसीलवर मोर्चा गेला. आठ दिवसांत हुकूम आला, कुरण खुलं. मला खांद्यावर घेतलं होतं, हे आता आठवायला नको वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं गाव कुरणात. गवत एवढं आखूड की विळ्यात येईना, म्हणून लोकांनी खुरपी काढली. खुरप्यानं मूळही येतं. दुपारपर्यंत सगळे माथ्याशी पोचले. तिथं वडील काठी आडवी धरून उभे होते.

“बायांनो, एवढा पट्टा ऱ्हाऊ द्या. हरणांचा हाय.”

आमच्या शेजारची मावशी कमरेला पदर खोचून पुढं आली. “हरणं मोर्चाला आली व्हती का, दाजी?”

“न्हाई आली.”

“मग? तुमच्याच पोरानं लिवलंय, एक काडी मागं ठेवू नका म्हणून. ए, वाच की रं, हाय का खिशात?”

लोक हसले. पत्रक खिशात होतं. वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. पट्टा राहू द्या, एवढे तीन शब्द मी बोललो असतो तर कदाचित ऐकलंही असतं लोकांनी. त्या दिवशी माझा शब्द चालत होता. मी गप्प राहिलो. दोन दिवस मावशीची म्हैस उठली नव्हती, तिला काय सांगायचं, असं मी मनाशी म्हणालो. खरं कारण वेगळं होतं. मला माझंच वाक्य मागं घ्यायचं नव्हतं.

वडिलांनी काठी खाली घेतली.

त्या गवतावर गुरांनी पंधरवडा काढला. मावशीची म्हैस जगली.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. कुरणात कमरेइतका तरोटा माजला, ज्याला जनावर तोंड लावत नाही. हिवाळ्यात कळप आला, दोन दिवस तरोट्यात उभा राहिला आणि कर्नाटकाच्या अंगाला निघून गेला. एका सकाळी वडील “चल” म्हणाले. मसणवटीच्या कोपऱ्यात, बांधांच्या काट्यांत, जिथं गुरं शिरत नाहीत तिथं पवन्या तगला होता. आठवडाभर आम्ही त्याचं बी ओरबाडून पोत्यात भरलं. माझी बोटं सोलली. त्यांची सोलण्यापलीकडं गेली होती.

उन्हाळ्यात मी ओट्यावर उभा राहिलो. या वेळी पत्रक नव्हतं. कुरण दोन वर्षं बंद ठेवा म्हणालो.

“तवा खुलं करा, आता बंद करा,” मावशी म्हणाली. “तुजं खरं काय धरायचं, लेकरा?”

“मागणी खरी होती, मावशी. महिना चुकला. आणि पट्ट्यापाशी मी गप बसलो, ते चुकलंच.”

“मपली म्हैस जगली त्या पट्ट्यावर.”

“हाव.”

“बंद करा मग. पर शेरडांचं काय?”

वडील मागून म्हणाले, “वढ्याच्या काठाला मी वळीन तुमची शेरडं.” कुणी हो म्हणालं नाही, नाहीही म्हणालं नाही. सभा उठली.

मृगाच्या आधी आम्ही दोघं माथ्यावर गेलो. वडील उकिडवे बसून बी टाकत पुढं सरकत होते, मी मागून पायानं माती लोटत होतो.

“जोरानं नगं,” ते न बघता म्हणाले. “खोल गेलं की उगवत न्हाई.”