पानावरचा भंडारा

आमच्या घरात पुस्तक घेऊन बसलेल्या माणसाला रिकामं समजायची पद्धत होती. मी बी.ए.ला होते तरी आईचं वाक्य ठरलेलं असायचं, "बसलीच हायेस तर एवढा लसूण सोल." लसूण संपला की शेंगा, शेंगा संपल्या की धाकट्याची आंघोळ. त्यातून वेळ सापडलाच तर वीज गेलेली असायची. आईचा दोष नव्हता. तिच्या माहितीतला कुठलाही बसलेला माणूस खरोखरच रिकामा असायचा.

आमची वस्ती कळंबजवळ, इंदापूर तालुक्यात, आणि कॉलेज बारामतीला. सकाळच्या एसटीनं जायचं आणि तास संपले की साडेपाचच्या एसटीनं परत. मधल्या तासाभरात ग्रंथालय. मला लागणारी जाडजूड पुस्तकं तिथंच बसून वाचायची असत, ती घरी मिळत नसत. पुस्तक मागवून ते हातात येईपर्यंत निम्मा तास जायचा. पहिल्या वर्षी मी जेमतेम पास झाले. ते कळल्यावर बावड्याची आत्या तिथलंच एक स्थळ घेऊन आली. मुलाकडं बागायत होती, दुभत्या म्हशी होत्या, आणि आत्याच्या मते माझ्या मार्कांकडं बघता हे स्थळ फारच चांगलं होतं. आबा म्हणजे माझे वडील. ते एवढंच म्हणाले, "औंदाचं वर्स बघू." मी त्या एका वाक्यावर वर्षभर जगणार होते.

ग्रंथालयाच्या दारात एक फळा होता. त्यावर ग्रंथपाल मॅडम स्वतः खडूनं लिहीत. नवी पुस्तकं कुठली आली, बांधणीला कुठली गेली, सुट्टीत किती पुस्तकं घरी मिळतील, कुणी पान फाडलं (नाव न लिहिता, पण असं लिहीत की ज्यानं फाडलं त्याला घाम फुटावा). मॅडम पुण्याच्या. कडक इस्त्रीची सुती साडी नेसत आणि कुणी कुजबुजलं की टेबलावर पेन्सिल वाजवत. ओरडत कधीच नसत, पण त्या पेन्सिलीला आम्ही वर्गातल्या छडीपेक्षा जास्त भ्यायचो. दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सोमवारी फळ्यावर लिहिलं होतं, 'येत्या महिन्यापासून वाचनकक्ष सायंकाळी सातपर्यंत उघडा राहील.'

मी ते दोनदा वाचलं. सातपर्यंत बसायला मिळालं तर वर्ष निघत होतं. पण मग एसटी शेवटची, आणि फाट्यावर उतरायला अंधार.

घरी विषय काढला तेव्हा नेमकी आत्या आलेली होती. तिनं आबांना सरळच विचारलं, "दादा, उद्या कुणी इचारलं, पोरगी सांजची कुठं असती, तर काय सांगशील?"

आबांनी तंबाखू मळून दाढेखाली धरली. मग म्हणाले, "आदी मी ती जागा बघतो. मग बोलू."

तशी संधीही आली. ग्रंथालयात दरवर्षी प्रदर्शन भरायचं, आणि त्या वर्षी विषय होता 'आपला मुलूख'. जुनी पुस्तकं, नकाशे, कालव्याची छायाचित्रं. पालकांनाही बोलावलं होतं. पालक म्हणून प्राध्यापकांच्या डोळ्यांसमोर कोण होतं कुणास ठाऊक, पण लाल पटका, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी असा माणूस नक्कीच नव्हता. आबांनी दारात वहाणा काढल्या. आत सगळे बूट-चपला घालून फिरत होते. काठीही त्यांनी बाहेरच भिंतीला टेकवली, देवळात जाताना ठेवतात तशी.

आबांना वाचता येत नव्हतं, म्हणून ते चित्रं बघत गेले. मी मागं मागं. कालव्याची छायाचित्रं त्यांनी चालता चालता बघितली, कारण कालवा त्यांच्या रानाला लागूनच होता. मग एका टेबलापाशी थांबले. तिथं एक भलंमोठं जुनं पुस्तक उघडून ठेवलं होतं. दोन्ही पानं भरून चित्र होतं, माळावर मेंढरांचा कळप आणि पुढं काठी टेकून उभा मेंढका. भोवती दोरी होती आणि पाटी होती, 'हात लावू नये'.

आमच्या आज्याच्या वेळेपर्यंत घरी मेंढरं होती. पाणी आलं, ऊस आला, तशी ती गेली. दोन उरली होती, तीही दारात बांधलेली. आबा त्या चित्राकडं इतका वेळ बघत राहिले की मागं माणसं तुंबली. मग त्यांनी कनवटीची पुडी काढली. आमच्यात चांगल्या गोष्टीवर भंडारा टाकतात. नव्या कोकरावर, नव्या मोटारीवर, एकदा तर गावात पहिल्यांदा आलेल्या एसटीच्या टपावरसुद्धा टाकला होता. मला कळेपर्यंत आबांनी चिमूट उधळली होती आणि तोंडातल्या तोंडात खंडोबाचं नाव घेतलं होतं. दोन्ही पानं पिवळी झाली.

पाटीवर 'हात लावू नये' लिहिलं होतं. आबांनी हात लावला नव्हता.

"अहो, अहो, काय करताय?" आमचे एक वयस्कर सर धावत आले. मागची पोरं हसायला लागली. आबांचा हात तसाच वर राहिला. आपलं काय चुकलं ते त्यांना कळत नव्हतं, पण काहीतरी चुकलं एवढं हसण्यावरून कळलं होतं. मी फरशीकडं बघत उभी राहिले. माझ्या डोळ्यांपुढं बावड्याच्या म्हशी उभ्या होत्या. आता आबा बाहेर जातील, वहाणा घालतील आणि या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाहीत, आणि मलाही टाकू देणार नाहीत.

मॅडम आल्या. त्यांनी पानांकडं बघितलं, मग आबांकडं. मला वाटलं, पेन्सिल वाजणार.

त्या म्हणाल्या, "मला नाही लावलात?"

आणि कपाळ पुढं केलं. आबा गोंधळले. मग पुडीत बोट बुडवून त्यांनी मॅडमच्या कपाळाला भंडारा लावला, अगदी हलक्या हातानं. मॅडमनी सरांना सांगितलं, "हळद आहे सर. राहू दे." शिपायाला म्हणाल्या, "झटकू नका. वर पातळ कागद घाला." पोरांचं हसणं आपोआप थांबलं.

आज इतक्या वर्षांनी मी स्वतः लोकांना शिकवते, माझ्याही हाताखाली माणसं असतात, आणि कुणाची चूक समोर आली की मला त्या क्षणाची आठवण येते. जुनं पुस्तक खराब झालं याचं मॅडमना वाईट वाटलं नसेल असं नाही. पुस्तकाचा कोपरा दुमडला तरी त्यांचा जीव वर-खाली व्हायचा. पण आधी माणूस सावरायचा आणि मग पुस्तक, हे त्यांना त्या क्षणी सुचलं. त्यांचे उपकार मी जन्मभर फेडू शकणार नाही.

आबांना आता धीर आला होता. त्यांनी विचारलं, "बाई, सांजच्याला हितं कोण असतंय?"

"मी असते."

"आन लाईट गेली तर?"

"मेणबत्त्या आहेत. आणि मी असते."

"आन एष्टी?"

मॅडमनी दारातल्या फळ्याकडं एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "मुलींना एसटीत बसवल्याशिवाय मी घरी जाणार नाही."

आबांनी पुडी पुन्हा कनवटीला खोचली. बाहेर येऊन पायरीवर बसून वहाणा घातल्या आणि आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी फळ्यावर जुन्या सूचनेखाली एक ओळ वाढली होती, 'सायंकाळी वाचणाऱ्या विद्यार्थिनींना एसटी स्थानकापर्यंत सोबत मिळेल.' घरी आबांनी मला हो असं म्हटलंच नाही. महिना लागला त्या दिवशी आईला म्हणाले, "पोरीची भाकर झाकून ठेवत जा." आमच्या घरात होकार असाच यायचा.

मग त्या संध्याकाळी सुरू झाल्या. सात वाजले की मॅडम कुलूप लावत आणि आम्ही चार-पाच जणी त्यांच्या मागून स्थानकाकडं निघत असू. त्यांचं घर गावाच्या अगदी दुसऱ्या टोकाला होतं. एसटी हलेपर्यंत त्या खाली उभ्या राहत, कंडक्टरला दम भरत की मुलींना आपापल्या फाट्यावरच उतरवायचं, पुढं नाही. पाऊस असो, डोकं दुखत असो. फाट्यावर आबा बॅटरी घेऊन उभे असत. पुढं टपरीवाल्यानंच मला सांगितलं, तिथली माणसं विचारत, "काय आबा, पोरगी आली न्हाय व्हय अजून?" आबा फक्त म्हणत, "येती." कुठून येते ते सांगत नसत. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना अजून सापडलं नव्हतं, आणि मला ते त्यांच्या पुढं पुढं चालणाऱ्या पाठीवरून कळायचं.

वर्ष चांगलं निघालं. बावड्याचं स्थळ दुसरीकडं जमलं आणि म्हशीही तिकडंच गेल्या.

पुढच्या प्रदर्शनाला मी आबांना काही सांगितलं नव्हतं. ते आपले आपण आले, धुतलेला पटका बांधून. सरळ त्याच टेबलापाशी गेले. तेच पुस्तक होतं, तेच पान उघडलेलं, आणि हळद कागदात मुरून मेंढरं पिवळसर झाली होती. आबांचा हात कनवटीला गेला. पण पान बघून त्यांनी हात काढून घेतला. "औंदा नको," म्हणाले. "हाय तेवढा पुरं."

मग त्यांना पाटी दिसली. ती नवी होती, मॅडमच्या अक्षरातली.

"काय लिवलंय?"

मी हळूच वाचलं, "पानावरचा पिवळा रंग भंडाऱ्याचा आहे. झटकू नये."

"मोठ्यानं वाच की."

आबांनी मला वाचताना कधी ऐकलं नव्हतं. मी मोठ्यानं वाचलं, सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं. मॅडम त्यांच्या टेबलाशी होत्या. पेन्सिल वाजली नाही.

शेजारी एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन उभा होता, बहुतेक वडगाव निंबाळकरकडचा. त्यानं आबांना विचारलं, "कुणाची म्हणायची ही?"

"माझी," आबा म्हणाले. आणि मग न विचारता, आजूबाजूच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सांजची हितंच असती."