भाषणासाठी बंद केलेलं इंजिन

हल्ली वर्तमानपत्रात बायोडिझेलवर लेख येतात. करंजीच्या, जट्रोफाच्या बियांपासून तेल काढायचं, त्यावर रासायनिक प्रक्रिया करून ते पातळ करायचं आणि ते गाडीत घालायचं. असा लेख आला की कॉलेजातले तरुण प्राध्यापक मला म्हणतात, ''सर, तुम्ही तर हे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच करून दाखवलं होतंत!'' मी मान खाली घालतो. त्यांना तो विनय वाटतो.

करून दाखवलं होतं हे खरं. काय केलं, ते मात्र मी कधी नीट सांगितलं नाही.

डिझेलच्या टंचाईची ती वर्षं. पंपावर कॅन घेऊन माणसं सकाळपासून उभी असायची. मी कोल्हापुरात पदार्थविज्ञान शिकवायचो. वय तिशीच्या आत, पगार बेताचा आणि देश सुधारायची घाई. कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं की डिझेल इंजिन वनस्पती तेलावरही चालतं. एवढ्या वाक्याच्या बळावर मी पेठ वडगावजवळच्या एका गुऱ्हाळाच्या मालकांना गाठलं. ऊस गाळायचा त्यांचा चरक डिझेल इंजिनावर चालायचा आणि डिझेलअभावी दिवसाआड बंद पडायचा.

''मालक, तुमच्या ओढ्याकाठी करंजीची एवढी झाडं आहेत. करंजेलावर इंजिन चालवू.''

''करंजेल?'' मालक हसले. ''सर, त्ये आमी बैलाच्या खरजंला लावतो. तुमी इंजनाला पाजताय व्हय?''

पण टंचाईत माणूस काहीही ऐकून घेतो. ते तयार झाले, फक्त त्यांनी अट घातली की मिस्त्री हो म्हणाले तरच.

मिस्त्री म्हणजे त्या भागातल्या सगळ्या इंजिनांचे डॉक्टर. तीन पिढ्या वडगावात राहिलेलं मुसलमान घर, वडील लोहार. हंगाम सुरू व्हायच्या आधी आसपासच्या प्रत्येक गुऱ्हाळाचं इंजिन मिस्त्रींच्या हाताखालून जायचं. ते नुसता आवाज ऐकून बिघाड सांगायचे. मी त्यांना ज्वलनाचं तत्त्व समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं, करंजेलाचे दोन थेंब चिमटीत चोळून पाहिले आणि म्हणाले, ''लई दाट हाय. चालंल, पर त्याच्या कलानं घ्यावं लागंल.''

मग त्यांनी इंजिनावर दोन टाक्या बसवल्या, एक डिझेलची, एक करंजेलाची, आणि मध्ये एक कॉक. पद्धतही त्यांचीच. चालू करायचं ते डिझेलवर. इंजिन तापलं की कॉक फिरवून करंजेलावर घ्यायचं. बंद करायच्या आधी पाव तास पुन्हा डिझेलवर, म्हणजे नळी आणि तेल फवारणारं नोझल धुऊन निघतं. माझ्या पुस्तकात यातलं काहीच नव्हतं. तरीही गावात ही पद्धत ''सरांची'' म्हणून प्रसिद्ध झाली आणि मी ती होऊ दिली.

प्रयोगाला मी शुक्रवार ठरवला, कारण प्रमुख पाहुणे म्हणून येणाऱ्या पुढाऱ्यांना तोच दिवस मोकळा होता. मिस्त्री शुक्रवारी दुपारच्या नमाजाला जातात हे मला ठाऊक होतं. ते मी हिशेबात धरलं नाही.

सकाळी इंजिन सुरू झालं. कॉक फिरवल्यावर ते जरा अडखळलं, खोकलं आणि मग चाललं की! भज्याच्या घाण्यासारखा जळकट वास आणि काळपट धूर सगळ्या खळ्यावर पसरला. चरकातून रस हौदात पडू लागला. लोक डोळे चोळत टाळ्या वाजवत होते. एक म्हातारा म्हणाला, ''डोळ्यातनं पाणी काढलं बघा सरांनी.'' मी ते कौतुक समजलो.

दुपारी मिस्त्री सायकलवर टांग टाकता टाकता म्हणाले, ''सर, मी आलो इतक्यात. तंवर बंद करू नगासा. आन् केलंच, तर आधी डिझेलवर घ्या. पाव तास.''

''हो हो,'' मी म्हणालो.

ते गेले आणि पाहुणे आले. फेटे बांधले, हार घातले, नारळ दिले. पाहुणे बोलायला उभे राहिले, पण इंजिनाच्या धडधडीत त्यांचा एक शब्द कुणाला ऐकू येईना. ते माझ्याकडे बघू लागले. त्यांच्यानंतर माझं भाषण होतं. मी ते तीन वेळा लिहून काढलं होतं. तेही ऐकू आलं नसतं.

मी उठलो आणि इंजिन बंद केलं. कॉक करंजेलावरच होता.

विसरलो असतो तर गोष्ट वेगळी होती. मला आठवत होतं. पण पाव तास थांबायचं म्हणजे पाहुण्यांना हार घालून तसंच ताटकळत ठेवायचं, आणि तसं करणं मला अवघड वाटलं. इंजिनाचा मान माणसानंतर, असा काहीसा विचार मी केला असावा.

भाषणं तासभर चालली. मी स्वावलंबनावर बोललो. तेवढ्या वेळात करंजेल नळीत गार होऊन चिकट झालं, नोझलच्या तोंडावर काजळी बसली. पाहुण्यांनी मोठ्या थाटात ''करा सुरू'' म्हटलं. एकामागून एक गडी हँडल मारून दमले, पण इंजिन हूं की चूं करेना. पाहुण्यांना एकदम दुसऱ्या कार्यक्रमाची आठवण झाली.

मिस्त्री परत आले तेव्हा सगळे इंजिनाभोवती उभे होते. त्यांनी पाना घेतला, नोझल उघडलं. आत गुळाच्या खरवडीसारखा काळा चिकटा होता. तो इंजिनाच्या इंधनपंपापर्यंत गेला होता. त्यांनी कॉककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मालक चिडले होते. खळ्यावर तोडलेला ऊस पडलेला, हौदातला रस आंबायला लागलेला. ''मिस्त्री, काय करून ठेवलंसा ह्ये?''

नोझल माझ्यापुढे धरून मिस्त्री माझी वाट बघत राहिले. बोलायची पाळी माझी होती.

मी म्हणालो, ''नोझल जुनं असणार. मिस्त्रींनी ते आधीच बदलायला हवं होतं.''

माझा आवाज शांत होता, वर्गात असतो तसा. मिस्त्रींनी नोझल फडक्यात गुंडाळलं आणि ते कामाला बसले. दोन दिवसांनी इंजिन चालू झालं, डिझेलवर. कॉलेजच्या वार्षिक अंकात मी लेख लिहिला. 'प्रयोग यशस्वी, मात्र किरकोळ यांत्रिक दोष' असं त्यात होतं.

पुढच्या हंगामात त्या गुऱ्हाळाचं इंजिन खोलायला मालकांनी कोल्हापुरातून दुसरा माणूस आणला. त्यांचं बघून शेजारच्या गुऱ्हाळांनीही तेच केलं. ''मिस्त्रीच्या हातात आता दम न्हाय,'' असं एसटीत माझ्या शेजारी बसलेला माणूस मलाच सांगत होता. मी खिडकीबाहेर ऊस बघत राहिलो.

तिसऱ्या वर्षी राहवेना, म्हणून मालकांकडे गेलो. त्यांना एकटं गाठून सगळं सांगितलं. ते सुपारी कातरत ऐकत होते.

''आमाला म्हाईत हाय की,'' ते म्हणाले. ''कॉक कुठं हुता त्ये मीबी बघिटलं हुतं. पर सर, तुमी शिकलेली माणसं, पावणं म्हणून आलेला. तुमास्नी चारचौघांत खोटं कसं पाडायचं? मिस्त्रीलाच बोलावत ऱ्हायलो आसतो, तर तुमचं बोलणं खोटं पडलं आसतं. मिस्त्री काय, घरचाच माणूस.''

''मग आता त्यांना परत बोलवा.''

''कशाला? आता इजंची मोटर बसवली. इंजान इकलं बी.''

तिथून मी सरळ मिस्त्रींच्या दुकानात गेलो. ते कुणाच्या तरी फवारणीच्या पंपाचा वायसर बदलत होते. इंजिन एकही नव्हतं. मी उभ्याउभ्याच म्हणालो, ''मिस्त्री, मी मालकांना खरं सांगून आलो.''

''बरं केलंसा. आणखी कोण हुतं तिथं?''

''कुणी नाही. ते एकटेच.''

''आन् त्या दिवशी किती माणसं हुती?''

वायसर बसवून मिस्त्रींनी पंपात हवा भरली, दट्ट्या दोनदा दाबून पाहिला आणि बाहेर थांबलेल्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं.