रांगेत आईचा हात कुणी धरला?

जिथे तुम्ही पाऊलही ठेवलं नाही तिथे दोन माणसांनी तुम्हाला पाहिलं, तर तुम्ही कुणाला खोटं ठरवाल?

आधी माझी बाजू सांगते. देव, भुतं, नवस यांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. बाबा गावोगाव अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटायचे. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. आता ती पत्रकं मी लिहिते. देवळात मी जात नाही... कुणाच्याही आग्रहाखातर नाही.

आम्ही घाटाखालच्या वालावल गावचे. यंदा आईच्या हृदयाची झडप खराब झाल्याचं निघालं. ऑपरेशन लांबवू नका, असं कोल्हापूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आई तयारच होईना. दोन महिने मी तिला रिपोर्ट समजावले, ओरडले, अबोला धरला. शेवटी ती एका अटीवर डॉक्टरांकडे यायला राजी झाली — आधी अंबाबाईचं दर्शन, मग दवाखाना आणि त्याच दिवशी घरी.

पहाटे निघालो. आंबोलीत चहाला थांबलो तेव्हा मी पुन्हा सुरू झाले.

"छाती फोडूक मी काय फणस आसंय?" आई म्हणाली. टपरीवाला हसला.

"आई, मी गंभीरपणे बोलतेय."

"तू कधी गंभीर नसतंस गो?"

आमचं असंच. ती मालवणीत, मी शाळेपासून पुस्तकी मराठीत. तिच्याशीसुद्धा.

कोल्हापुरात आई दर्शनाच्या रांगेत गेली. मी बाहेर, चपलांच्या स्टँडपाशी. दोन्ही पिशव्या, तिची पाण्याची बाटली, सगळं माझ्याकडे. तासभर तिथून हलले नाही. त्यातला पाऊण तास तर मी फोनवर एका मित्राशी वाद घालत होते. कॉलची नोंद आजही फोनमध्ये आहे.

आई बाहेर आली ती थेट माझा हात धरत म्हणाली, "चल गो. करूया ऑपरेशन."

मी विचारलं, "आत काय झालं?"

"काय म्हणजे? इतके दिवस नुसती भाषणां देय होतंस. आज सरळ सांगलंस — 'आये, माका तू होयी.' तितक्यान झालां." आणि तिनं पदरानं माझा गाल पुसला. गाल कोरडा होता.

'मला तू हवी आहेस' — हेच वाक्य दोन महिने माझ्या मनात होतं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, कुठे लिहिलं नव्हतं.

तेवढ्यात चपला घ्यायला आलेली एक अनोळखी कोल्हापूरची बाई थबकली. "पोरी, मगाशी आईचा हात धरून आत रडत हुतीस न्हवं? बाहेर कवा आलीस?"

मी तिथेच खरं सांगायला हवं होतं. माझी सगळी पत्रकं तेच सांगतात. पण आईचा होकार मोडला असता... मी गप्प बसले. दुपारी डॉक्टरांसमोर आईनं सही केली.

ऑपरेशन नीट झालं. ती हिंडू-फिरू लागल्यावर मी तिला खरं सांगितलं. स्वतःच्या लेकीला ओळखायला आपण चुकू, हे तिला पटेचना. ती हसली. "गप! माझ्या चेडवाक मी वळखूचंय नाय?"

मी सगळं तपासलंय. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालंय, तिला स्वच्छ दिसतं. गुंगीचं औषध नव्हतं. माझ्यासारखी दिसणारी, आमच्याच भागातली कुणी मुलगी असेल, असं मी धरून चालते. पण परक्या बाईला 'आये' म्हणून कोण रडतं? याचं उत्तर माझ्याकडे नाही. नाही म्हणजे नाही. त्या रिकाम्या जागी देवी आणून बसवायला मात्र माझा ठाम नकार आहे. तशी पत्रं पाठवू नका.

एकच विनंती. एप्रिलमधल्या एका गुरुवारी, सकाळी, त्या रांगेत निळ्या सुती साडीतल्या साठीच्या बाईचा हात तुम्ही धरला असेल, तर या सदराकडे कळवा. पुरावा मागणार नाही. मी अजून ते वाक्य आईला स्वतःच्या तोंडानं सांगू शकलेले नाही... तुम्हाला ते कसं जमलं, एवढंच मला सांगा.