पूकोयाची पहिली दुपार

"उजाडलं, निघतो."

पूकोयाने हे दोन शब्द बावीस वर्षं रोज पहाटे आपल्या बायकोच्या उंबऱ्यात म्हटले. आवाज मोठा नाही, घाईही नाही. चपला पायांत सरकवायच्या, विजेरी कमरेला खोचायची, दोन शब्द म्हणायचे आणि माडांतल्या वाटेने आपल्या आईच्या घराकडे चालू लागायचं. आमच्या कल्पेनी बेटावर घर बाईचं असतं. नवरा रात्रीचा नमाज झाल्यावर येतो, जेवतो, निजतो आणि पहाटे आपल्या आईच्या छपराखाली परत जातो. माझे वडील असेच गेले, मीही असाच जातो. पण पूकोयासारखा वेळेवर जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याच्या पावलांवर शेजारणी चुली पेटवायच्या.

तो होड्या बांधायचा. आईच्या घरामागे त्याचा शाकारलेला मांडव होता, तिथे दिवसभर त्याचा तासणीचा आवाज चालायचा. फळी हातात घेऊन तिच्याकडे इतक्या प्रेमाने बघायचा की त्याची बायको सारोम्माबी म्हणायची, पुढच्या जन्मी मी फणसाची फळी होईन, म्हणजे मला दिवसाउजेडी तरी बघाल.

दोन मुली होत्या. थोरली रुक्कियाबी अठराची, धाकटी नफीसा नऊची. त्या वर्षी रुक्कियाला कोळिकोडला नर्सिंगच्या शाळेत जागा मिळाली. पंधरा दिवसांनी जहाज होतं. घरात सगळे तिला काय हवं ते विचारत होते. मावशीने सोन्याच्या रिंगा दिल्या, आजीने पेटी दिली. मग वाप्पाने, म्हणजे बापाने, विचारलं. ती म्हणाली की जहाजाने जे पाहुणे येतात त्यांना ती धक्क्यावर शहाळी द्यायला जाते. मागच्या वेळी एक कुटुंब होतं. सकाळी त्यांचा बाप वाळूत बसून पोरांना अंडी सोलून देत होता. सूर्य चांगला वर आला तरी तो तिथेच होता.

"मला तसली सुट्टी हवी, वाप्पा. एक अख्खा दिवस. तुम्ही, उम्मा, नफीसा आणि मी. सकाळ झाली तरी जायचं नाही."

पूकोया हो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला घाम फुटला. तो माझ्याकडे आला, कारण मोटरची होडी माझी. चेरियमला जायचं, दोन रात्री राहायचं. चेरियम आमच्या उत्तरेला, माडांनी भरलेलं आणि माणसांनी रिकामं. नारळ पाडायच्या दिवसांत आम्ही तिथल्या झोपडीत जाऊन राहतो, एरवी तिथे खेकड्यांचं राज्य. मी विचारलं, काम काय काढलंस? तो म्हणाला, काम नाही. मग मलाही घाम फुटला, कारण काम नसताना चेरियमला गेलेला माणूस आमच्या बेटाने पाहिला नव्हता.

बातमी धक्क्यापर्यंत माझ्याआधी पोचली. सारोम्माबीची थोरली बहीण कुंजीबी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"सारो, होडीला दोर घट्ट बांधून ठेव हो. उजाडलं की हा पोहत निघेल."

"मी दोर त्यालाच बांधणार आहे, इत्ता," सारोम्माबी म्हणाली. धक्का हसला. पण होडीत बसल्यावर तिने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "राहील ना रे?" मी यंत्र चालू केलं.

पूकोयाने स्वतःची चटई आणली होती, स्वतःचं ताटही. नफीसाने विचारलं, वाप्पा, तुम्ही आमच्याकडे पाहुणे आहात का? तो गोंधळला आणि ताट मांडीखाली लपवून बसला. प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ समुद्राचं पाणी त्या दिवशी असं निवळ होतं की होडीची सावली तळाच्या वाळूवर आमच्याबरोबर धावत होती. नफीसा तिला हात करत होती. मग सारोम्माबीने हात केला. मग पूकोयाने, कोणी बघत नाही असं समजून.

संध्याकाळ आणि रात्र छान गेली. रात्री बापाने असणं नवं नव्हतंच. खरी परीक्षा पहाटेला होती, आणि ते झोपडीतल्या चौघांनाही ठाऊक होतं.

मी होडीतच निजलो होतो. पूर्वेला रंग फुटला तेव्हा पूकोयाने वाळूवर नमाज पढला. उठला. चपला घातल्या, विजेरी कमरेला खोचली आणि झोपडीच्या दाराशी उभं राहून म्हणाला, "उजाडलं, निघतो." शरीरच बोललं ते. आत कोणी हललं नाही. तिघीही जाग्या होत्या, रुक्कियाने मला नंतर सांगितलं. उम्माने तोंडात पदर धरला होता, आणि रुक्कियाला वाटलं, संपली सुट्टी.

तो चालत माझ्यापर्यंत आला. होडीपाशी थांबला. दक्षिणेला कल्पेनीची रेघ दिसत होती. तिथे त्याच्या आईने आता चहा ठेवला असेल. बावीस वर्षं त्याच वेळी ठेवत होती.

"पाणी किती आहे?" त्याने विचारलं.

होडी निघायला पाणी भरपूर होतं. मी तेच सांगितलं. खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं की वाईट, मला माहीत नाही, पण समुद्राबद्दल मी खोटं बोलत नाही.

त्याने होडीच्या कडेवर हात ठेवला. त्यानेच बांधलेली होडी ती. बराच वेळ तो हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "आईच्या घराची वाट इकडे नाही रे," आणि किनाऱ्याने उत्तरेकडे चालू लागला. चालायची सवय पायांना होती, ती कुठेतरी खर्च करायलाच हवी होती. बेट संपेपर्यंत गेला. टोकाला वळला. चेरियम अरुंद आहे, पलीकडच्या किनाऱ्याने परत फिरला, आणि सूर्य माडांच्या झावळ्यांवर आला तेव्हा झोपडीच्या मागच्या बाजूने उगवला. चपला हातात, लुंगी गुडघ्यापर्यंत भिजलेली.

सारोम्माबी चुलीपाशी होती. तिने वर पाहिलं. डोळे लाल होते, पण ती कुंजीबीची बहीण होती.

"कोण पाहिजे?"

"या घरात दिवसाचा चहा मिळतो म्हणे," पूकोया म्हणाला.

नफीसा आतून किंचाळत आली आणि त्याच्या पाठीवर चढली. त्यानंतर त्या बेटावर जे झालं त्याला मी काय नाव देऊ? पन्नाशीचा माणूस हातांवर चालला. चार पावलं चालला आणि चुलीच्या राखेत पडला. ओहोटीला खडकांवर आठपायी, म्हणजे ऑक्टोपस, पकडायला गेला, तर तिने त्याचाच हात पकडला, आणि तो ओरडला तसं ओरडताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. रुक्कियाने त्याला अंडं सोलायला दिलं. रंध्याने फळी गुळगुळीत करणाऱ्या त्या हातांनी अंड्याचा अर्धा पांढरा भाग सालीबरोबर काढून टाकला. तिने ते अंडं इतकं हळू खाल्लं की नफीसाने तोवर दोन संपवली.

दुपारी जेवायला बसले तेव्हा पूकोया जेवेचना. बघतच बसला. लग्नघरं सोडली तर बायको-मुलींबरोबर त्याने दुपारचा घास घेतला नव्हता, आणि रात्री तो पोचेपर्यंत त्या जेवून झालेल्या असत. रुक्किया डावखुरी आहे हे त्याला माहीत होतं, पण भात डाव्या हाताकडे सरकवून मग उजव्याने उचलते हे माहीत नव्हतं. नफीसा माशाचा डोळा आधी खाते. आणि सारोम्माबीच्या गालावर उन्हात बारीक लव चमकते.

"काय बघता?" तिने विचारलं.

"फळी बघतोय," तो म्हणाला, आणि ती इतकी हसली की रस्सा सांडला.

परतलो तेव्हा कुंजीबी धक्क्यावर होतीच. नफीसाने होडीतूनच सांगून टाकलं की वाप्पा राहिले, दुपारी घोरलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारणी चुली पेटवायला पावलांची वाट बघत राहिल्या. पावलं आलीच नाहीत. त्याच्या आईने कोणाला तरी विचारायला पाठवलं, बरा आहे ना? ऊन कुंपणावर आलं, कुंजीबीचं अंगण झाडून झालं तेव्हा दार उघडलं. पूकोया उंबऱ्यात आला, ओठांना चहा लागलेला. त्याने आभाळाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "उजाडून बराच वेळ झाला. आता निघतो."

मग तो भर उन्हात, साऱ्या वाडीच्या डोळ्यांदेखत, माडांच्या वाटेने आईच्या घराकडे चालत गेला. विजेरी कमरेला होतीच, तिचा काही उपयोग नव्हता. दारातून सारोम्माबी बघत होती, तिच्या दोन्ही बाजूंना दोघी मुली. कुंपणापलीकडे कुंजीबी होती, केरसुणी हातात तशीच धरून. वळणावर तो थांबला, मागे वळला आणि हात केला, होडीच्या सावलीला केला होता तसा. या वेळी सगळे बघत होते.