मुंग्या लागलेला फोन

फोन वाजला की अण्णा तो आधी झटकायचे. उजव्या हातात धरून डाव्या तळहातावर आपटायचे, मुंग्या पडल्या का ते बघायचे आणि मगच कानाला लावून ओरडायचे, "बोला पावणं!"

पलीकडच्या माणसाला वाटायचं, लाइनमध्ये खरखर आहे. लाइन चांगली असायची. फोनमध्ये गूळ असायचा.

अण्णांची कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाची अडत होती. गुऱ्हाळावरून शेतकऱ्यांच्या गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, यायच्या, त्या सौद्यात बोली लावून व्यापाऱ्यांना विकून द्यायच्या, हा धंदा. त्यामुळे हात दिवसभर गुळात. रव्याचा कोपरा फोडायचा, रंग बघायचा, एक खडा स्वतःच्या जिभेवर, एक व्यापाऱ्याच्या हातावर. आणि तेवढ्यात फोन आला की त्याच हातानं घ्यायचा. बटणांच्या फटींत गूळ असा मुरला होता की पाचाचं बटण एकदा आत गेलं की सावकाश, त्याच्या सवडीनं वर यायचं.

"अण्णा, ह्यो फोन सौद्याला लावा की," म्हादबा हमाल म्हणायचा. "वर मुंग्या फुकट."

"जुन्याला काय धाड भरलीय रं?" अण्णा विचारायचे.

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्कूटर, पंखा, तराजू, पायताण. ज्याला कुणी 'बदला आता' म्हणेल त्याच्या बाजूनं अण्णा हे वाक्य घेऊन उभे राहायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना हसतो, आणि आपली जुनी वस्तू दुरुस्तीला टाकताना मात्र तीच आठवतात.

मी आजऱ्याकडच्या एका खेड्यातला. आई काजू सोलायला जायची. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. बी.कॉम. होऊन कोल्हापुरात आलो, तेव्हा वाटलं होतं, नोकऱ्या माझी वाट बघत असतील. त्या बघत नव्हत्या. कुणीतरी अण्णांकडे धाडलं.

"पावणं कुठलं?" त्यांनी विचारलं. मी गाव सांगितलं, शिक्षण सांगितलं.

"बी.कॉम. हाईस, मग हितं गुळात कशाला आलाईस?"

त्यांनी समोरची गादी दाखवली. "चांगली नोकरी मिळंपतोर बस हितं. दिवाणजी म्हणून हिशेब लिहीत जा. पर परीक्षा सोडायच्या न्हाईत. सोडल्यास तर मीच हाकलणार."

दुपारी सौदे आटोपले की मला अभ्यासाला मोकळा सोडायचे. म्हादबानं हाक मारली तर त्याच्यावर खेकसायचे, "ए, पोरगं वाचतंय न्हवं?" माझ्या स्वतःच्या वाचण्याचा एवढा मान त्याआधी कुणी ठेवला नव्हता.

हळूहळू माझ्या एक गोष्ट लक्षात आली. सकाळी दहाच्या सुमाराला, ऐन सौद्याच्या गर्दीत, अण्णांचा फोन एकदा वाजायचा आणि बंद व्हायचा. अण्णा तो घ्यायचे नाहीत. नुसता खिशावर हात ठेवायचे. मग त्यांचा चेहरा सैल पडायचा आणि आवाज आणखी चढायचा. दहाच्या आधीचे अण्णा आणि नंतरचे अण्णा, दोन वेगळी माणसं होती. आधीच्या अण्णांना कुणी चहासुद्धा विचारायचं नाही.

एकदा त्यांनीच सांगितलं. अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, जुना दमा होता. मुलगी बेळगावला दिलेली, मुलगा पुण्यात कंप्युटरच्या नोकरीत. दिवसा अक्का घरात एकट्या.

"दम लागला की तिला बोलायला येत न्हाय बघ. फोन उचलून मी हॅलो हॅलो करायचं आन् पलीकडनं नुसती शिट्टी. काळीज हालतंय. मग ठरीवलं. औषिद घेऊन बरं वाटलं की एक रिंग देऊन कट करायचं. दम लागला तर लागोपाठ दोन. दोन आल्या की मी सौदा हाय तितं टाकून निघणार. बोट तर हालवाय येतंय न्हवं?"

माझ्या देखत दोन रिंगा तीनचारदा आल्या असतील. प्रत्येक वेळी अण्णा हातातला खडा टाकून स्कूटरकडे धावले आणि व्यापारी तोंडं बघत राहिले. एक व्यापारी रागावून म्हणाला, "अण्णा, असं अर्ध्यात सोडून कुणी धंदा करतं व्हय?" अण्णांनी जाता जाता उत्तर दिलं, "तुमचं बी लगीन झालंय की."

त्या दसऱ्याला मुलगा नवा फोन घेऊन आला. मीही जेवायला होतो. अण्णांचं घराणं मूळचं नेसरीचं, घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. मुलगा आईला अव्वा म्हणायचा. त्यानं डबी उघडली. काळा, पातळ, आरशासारखा फोन. बटण एकही नाही.

"अण्णा, ह्याचा वेग बघा. बोट लावलं की उघडतंय. गूळ जायाला फटच न्हाय."

"वेग हाय म्हंजे काय? तुझ्या अव्वाचा फोन तिनं लावायच्या आधी येतोय व्हय?"

"तसं न्हवं ओ..."

"मग जुन्याला काय धाड भरलीय?"

मुलाचा चेहरा उतरला. "मी काय बी आणलं तर हेच," तो पानाकडे बघत म्हणाला. "मिक्सर आणला तवा हेच. पंखा आणला तवा हेच. एकदा तरी 'बरा हाय' म्हणा की."

मग स्वयंपाकघरातून अक्कांचा आवाज आला, श्वास घेत घेत, पण ठाम. "पोरानं पुण्यासनं हौसेनं आणलाय. घ्या मुकाट."

अण्णांनी घेतला. जुना फोन खुंटीवरच्या पिशवीत गेला.

खरं सांगायचं तर नवा फोन त्यांना आवडू लागला होता. बेळगावच्या नातीचे फोटो त्यात होते. अक्कांचा फोन आला की अक्कांचा चेहरा पडदाभर दिसायचा. "नाव वाचायला चष्मा लागतोय," अण्णा म्हणाले, "तोंड वळखायला लागत न्हाय." हात पुसायला त्यांनी कमरेला ओलं फडकं बांधलं. म्हादबा त्यांना आचारी म्हणू लागला.

मग दिवाळीच्या तोंडावरचा तो दिवस आला. यार्ड भरून वाहत होतं. रव्यांच्या रांगांमधून व्यापाऱ्यांचा घोळका पुढे सरकत होता, बोली चढत होती, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. जुना फोन थरथरला की खिशात बेडूक शिरल्यासारखं व्हायचं. नवा इतका हळू थरथरायचा की सदऱ्यालाही कळू नये. दहा वाजून गेले तशी अण्णांनीच बोटं पुसून फोन काढला. पडद्यावर अक्कांचा चेहरा होता. खाली मिस्ड कॉलची ओळ. अण्णांचा चेहरा सैल पडला. फोन खिशात गेला. "हं, बोला पावणं, पुढं बोला!"

सौदा आटोपला. चहा आला. अण्णा खुशीत होते, भाव चांगला लागला होता. "थांब, नातीचा नवा फोटो दावतो," म्हणून त्यांनी चष्मा लावला, फोन माझ्यासमोर धरला आणि बोट तिथंच थांबलं.

"अक्काच्या तोंडाजवळ ह्यो बारका आकडा कसला रं?"

मी वाकून बघितलं. चेहऱ्याच्या कोपऱ्यात, कंसात, मुंगीएवढा दोन होता.

"अण्णा," मी म्हणालो, "कॉल दोनदा आलाय. हा फोन दोन्ही एकाच ओळीत दाखवतो."

जुना फोन किती कॉल आले तो आकडा आधी, मोठा दाखवायचा. ह्यानं चेहरा मोठा दाखवला होता.

अण्णा उठले. चहाचा कप कलंडला. त्यांनी अक्कांना फोन लावला, वाजत राहिला. पुन्हा लावला, वाजत राहिला. स्कूटरची चावी मी त्यांच्या हातातून घेतली. ते मागे बसले. यार्डाच्या फाटकात गुळाची ट्रॉली आडवी आली होती. अण्णा मागून ओरडत होते, "ए पावणं, बाजू कर, बाजू कर की!" नेहमीचाच शब्द, पण तसा मी कधी ऐकला नव्हता. त्यांचा गुळानं चिकट हात माझ्या खांद्याला घट्ट धरून होता. पुढे सबंध रस्ता ते एकच वाक्य बोलले. "तिनं दार उघडलं नसंल."

मला ते तेव्हा कळलं नाही. दार खरंच आतून बंद होतं. अण्णांनी हाका मारल्या, मी खांदा लावला, कडी निघाली. अक्का दाराजवळच बसल्या होत्या. ओठ निळसर झाले होते, छातीतून बारीक शिट्टी येत होती आणि फोन मांडीवर होता. हातातला दम्याचा पंप संपला होता. शेजारचं घर भिंतीपलीकडे. नुसती भिंत ठोकली असती तरी माणसं धावली असती. पण दोन रिंगा दिल्यावर अण्णा यायचेच. म्हणून त्यांनी दार उघडून कुणाला बोलावलं नव्हतं, भिंतही ठोकली नव्हती. त्या वाट बघत होत्या.

रिक्षा, दवाखाना, जिन्यावरून उचलून नेणं, हे सगळं आता तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. दुपारनंतर आम्हाला आत सोडलं. अक्कांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता. अण्णांना बघून त्यांनी हात उचलला आणि दोन बोटं दाखवली. रागानं नाही. आपलं काही चुकलं नाही ना, असं विचारल्यासारखी.

अण्णांनी ती दोन बोटं आपल्या मुठीत धरली आणि खाली बसले.

संध्याकाळी मुलगा पुण्याहून आला. बापासमोर उभं राहायची त्याची हिंमत होईना. "अण्णा, मी तो फोन आणलाच नसता तर..."

मला वाटलं, आता ते वाक्य येणार. अण्णा म्हणाले, "फोनला काय धाड भरलीय? चांगला हाय की. त्यानं दोन लिवलं हुतं. मीच तोंड बघून परत ठेवला."

मुलगा रडला. कुणाला न सांगता तो घरी गेला आणि खुंटीवरचा जुना फोन घेऊन आला. दवाखान्याच्या बाकावर बसून, नर्सकडून स्पिरिट आणि कापूस मागून, त्यानं एकेका बटणाच्या फटीतला गूळ काढला. पाचाचं बटण मोकळं झालं तेव्हा त्यानं ते पुन्हा पुन्हा दाबून बघितलं. जुना पुन्हा अण्णांच्या खिशात आला, नवा फोन अक्कांकडे गेला. नातीचे फोटो त्या त्यातच बघायच्या. आणि दम लागला तर अक्का आता भिंतही ठोकायच्या. तेवढं अण्णांनी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

पुढे मी बँकेची परीक्षा पास झालो. पेढे घेऊन गेलो तर अण्णांनी पेढा बाजूला ठेवून माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "तिथं कौंटरवर बसशील. म्होरचं माणूस घाबरलेलं असतंय. आदी 'बोला पावणं' म्हणायचं, मग कागद बघायचा."

अण्णा काही वर्षांनी गेले, झोपेत. कार्य आटोपल्यावर मुलगा आईला पुण्याला चला म्हणत होता. अक्का हलायला तयार नव्हत्या. मी निघालो तेव्हा दारात आल्या. हातात अण्णांचा जुना फोन होता. "तुझी बँक जवळ हाय न्हवं? सकाळी एक रिंग देत जाईन. उचलू नगंस."

मीसुद्धा आता नवा फोन घेतलाय. वेगवान आहे, देखणा आहे, आवडतोही. घेताना दुकानदाराला मी एवढंच विचारलं, एकाच माणसाचे दोन मिस्ड कॉल आले तर ते दिसतात कसे? तो हसला. "साहेब, लोक कॅमेरा विचारतात." मग त्यानं करून दाखवलं, आणि मी तीन फोन परत ठेवून चौथा घेतला.

दहाच्या सुमाराला कौंटरवर फोन एकदा वाजतो आणि बंद होतो. मी लिहायचं थांबतो. समोरचा माणूस माझ्या तोंडाकडे बघत राहतो. मी दुसऱ्या रिंगची वाट बघतो. ती येत नाही.

"हं," मी म्हणतो, "बोला पावणं."