सूचक: बकुळा लहानू उबाळे

“हळू बोला. भिंतीपलीकडं पुतळाबाईचा कान हाय,” असं म्हणत बकुळानं दार लोटून घेतलं.

“ऐकू दे पुतळाबाईला! तिनं न्हाय ना सही केली? तू केलीस. चांगली सातवी शिकलेली बाई, आणि वाचल्याबिगर सही ठोकतेस?” लहानू ओरडला. चाळीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला हळू बोलायचं म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. त्याला कमी ऐकू येई, आणि म्हणून सगळं जगच बहिरं आहे अशा सुरात तो बोले.

“बाबा, जरा गप्प बसता का? मला वाचू दे,” संघरत्ना म्हणाली.

“दहा वेळा वाचलंस! वाचून काय कागद बदलतोय?”

कागद दुपारी रजिस्टर पोस्टानं आला होता. ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयाची नोटीस. पोस्टमननं सही मागितली तेव्हा बकुळानं ती मुकाट्यानं केली, आणि आत काय आहे ते कळल्यावर तिच्या मनात पहिला विचार आला, की हीसुद्धा करायला नको होती.

संघरत्ना तहसील कचेरीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाइन फॉर्म भरायच्या कामावर होती. घरात सरकारी भाषा कळणारी ती एकटीच. तिनं चौथ्यांदा सांगितलं, “लळा प्राणी आश्रयगृह या संस्थेविरुद्ध तक्रार आली आहे. सगळ्या विश्वस्तांनी सोमवारी अकरा वाजता हजर राहायचं. सोबत संस्थेनंच दिलेल्या सभेच्या वहीतल्या पानाची झेरॉक्स जोडलीये. चौदा एप्रिलची सभा. ठराव क्रमांक चार. बाहेरच्या कुणालाही आश्रयगृहात प्रवेश देऊ नये, आणि मेलेल्या जनावरांची नोंदवही यापुढे ठेवू नये. सूचक, श्रीमती बकुळा लहानू उबाळे.”

“सूचक म्हंजे?” बकुळानं विचारलं. तिला ठाऊक होतं, पण दुसरा काही अर्थ निघतो का ते तिला बघायचं होतं.

“म्हणजे हे सगळं तू सुचवलंस, आई.”

बकुळा भिंतीला टेकून खाली बसली. सहा वर्षं ती त्या आश्रयगृहात कुत्र्यांचं जेवण शिजवत होती. दिघाशीच्या रस्त्याला, संस्थेचा अध्यक्ष हरेशशेठ याच्या जागेवर पत्र्याच्या तीन शेड. सकाळी सातला चूल पेटवायची, दोन मोठ्या टोपांत भात आणि कोंबडीच्या माना उकळायच्या, मदतीला असलेल्या नवशाबरोबर जेवणाच्या पाट्या भरायच्या. तिनं आयुष्यात सुचवलं असेल तर इतकंच, की हळद थोडी जास्त घाला, कुत्र्यांच्या पोटाला बरी. तेसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं.

विश्वस्त ती अशीच झाली होती. संस्था रजिस्टर करताना सात नावं लागली. पाच शेठ आणि त्याच्या भाऊबंदांची, एक त्याच्या मुनीमाचं, कुमारचं. “एक बाई पाहिजे. आणि वहिनी, तुमच्या समाजाचं एक नाव असलं की बोर्ड कसा सर्वांचा दिसतो,” शेठ म्हणाला होता. गेटवरच्या पाटीवर तिचं नाव तिसरं लागलं. लहानूनं तेव्हा कल्याणच्या मेहुण्यांना रिक्षा करून ती पाटी बघायला नेलं होतं. आज तो ते सोयीनं विसरला होता.

दर पाडव्याला गेटला हार घातला, पेढे वाटले, की कुमार सभेची जाड वही उघडायचा. पुढच्या वर्षाची दहा-बारा पानं कोरी, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी पेन्सिलची एकेक फुली. “काकी, इथं, इथं आणि इथं.” बकुळाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. त्याआधी ती गोडाऊनमध्ये पॅकिंगला होती, आणि तिथं महिन्याचं हजेरीचं मस्टर पगाराच्या दिवशी एका दमात भरायची रीत होती. तीस सह्या केल्याशिवाय पाकीट हातात पडत नसे. ही वहीही तिला तसलीच वाटली. सही सुबक होती तिची. ‘उबाळे’मधल्या ळेची मात्रा ती लांब काढी. झेरॉक्सवर ती मात्रा लख्ख उमटली होती.

दाराला धक्का बसला तशी ती दचकली. मुलगा नरेंद्र होता. शेठच्या गोडाऊनवर तो सुपरवायझर होता. डबा खाली ठेवून त्यानं नोटीस पाहिली, पण हातात घेतली नाही.

“मला माहितीये,” तो म्हणाला. “शेठनं आज केबिनमध्ये बोलावून चहा दिला.”

“मग? चांगलं हाय की!” लहानू म्हणाला.

“बाबा, पाच वर्षं झाली. त्यांनी मला कधी पाणी विचारलं नाय.”

 बकुळानं ताटं वाढली. आमटीत तिनं दोनदा मीठ घातलं होतं. सगळ्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली, आणि त्यावरून तिला कळलं, की भीती एकटीला लागलेली नाही.

जेवण झाल्यावर संघरत्नानं मोबाइल पुढं केला. “आई, हे बघ. चौदा एप्रिल! त्यांना सुट्टीचा दिवस दिसला कॅलेंडरवर, आणि दिली तारीख ठोकून. बाबासाहेबांच्या जयंतीला तू कुत्र्यांची सभा भरवायला जाशील?” फोटोत बकुळा विहारासमोर पांढऱ्या साडीत खीर वाढत होती. मागं निळे झेंडे. “सरळ सांग, सही माझी नाय. खोटी केली. मी दिवसभर विहारात होते. पन्नास माणसं साक्षीला येतील.”

“येतील! मी आणतो!” लहानू उठलाच. “म्हंजे हिचा काय संबंधच न्हाय!”

“आणि माझा?” नरेंद्र म्हणाला. “आईनं शेठवर खोट्या सहीची केस टाकायची, आणि मी मंगळवारी ड्युटीला जायचं?”

“तुला ड्युटीची पडलीये, इथं आईला आत टाकतील!”

“ताई, आत टाकतील हे झेरॉक्सवाल्यांना कोण सांगतं गं?”

दोघं भांडत राहिली. बकुळा फोटोकडं बघत होती. वाट सापडली होती, पोरीनं शोधली होती, आणि तरी तिला ती धरवेना. सही तिचीच होती. आणि आणखी एक गोष्ट होती, ती तिनं घरात कुणाला सांगितली नव्हती.

एप्रिलच्या सुरुवातीला शेडमध्ये साथ आली. कुत्र्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी, मग झटके, मग ती खाली पडून पाय मारत राहायची. डॉक्टर दोनदा आले, त्यांनी आजारी जनावरं वेगळी करा आणि लोकांना कळवा म्हणून सांगितलं. शेठनं तिसऱ्या शेडला पडदा लावला. नवशा मागच्या बाजूला खड्डे खणायचा. बकुळाला आकडा कुणी सांगितला नाही, पण भात कमी लागायला लागला. दोन टोपांचे दीड झाले, दिडाचा एक.

मे महिन्यात रूपा नावाची बाई गेटवर आली. शाळेत शिकवायची. पाय मोडलेला एक तांबडा कुत्रा तिनं रस्त्यावरून उचलून इथं आणून ठेवला होता, दर रविवारी बिस्किटं घेऊन यायची. कुमारनं बकुळाला गेटवर पाठवलं, बाईमाणूस बाईला बरं समजावेल म्हणून. “आत हाय, बरा हाय, खातोय चांगला,” बकुळा म्हणाली. त्याला पुरून चार दिवस झाले होते. पुढच्या रविवारी रूपा पुन्हा आली, त्याच्या पुढच्याही. तिन्ही वेळा बकुळानं तेच सांगितलं, आणि तिन्ही वेळा बिस्किटांचा पुडा हात पुढं करून घेतला. तक्रार त्या रूपानंच केली होती.

शनिवारी बकुळा कामावर गेली. नवशानं तिच्याकडं बघितलं नाही. तोही घाबरलेला होता. दहा वाजता कुमारनं तिला ऑफिसात बोलावलं. वही उघडी होती, फुल्या मारलेल्या होत्या.

“काकी, सह्या केलेली पानं संपली, मागच्या तीन सभा राहिल्यात. सोमवारच्या आत पुऱ्या करायच्यात. इथं, इथं आणि इथं.”

या वेळी पान कोरं नव्हतं. घाईत त्यानं आधी मजकूर लिहून काढला होता.

“वाचू दे,” बकुळा म्हणाली.

कुमार हसला. “सहा वर्षं काय झालं होतं वाचायला? उपास होता काय?”

तिनं वाचलं. तिसऱ्या शेडमधली एक्केचाळीस कुत्री सुस्थितीत गुजरातच्या एका संस्थेकडे पाठवण्यात आली आहेत. सूचक, श्रीमती बकुळा लहानू उबाळे.

एक्केचाळीस. तो आकडा तिला पहिल्यांदा कळला, आणि कळला तो असा, स्वतःच्या नावाखाली. खिडकीतून मागची जमीन दिसत होती. त्यावर गवत उगवलं होतं, भोवतीच्या गवतापेक्षा हिरवं. उद्या कुणी तिथं फावडं मारलं तर? मग गुजरातला कुत्री पाठवणारी बाई कोण, हे वहीत लिहिलेलंच होतं. शेठचं नाव कुठंच सूचक म्हणून नव्हतं. अनुमोदक म्हणूनही नव्हतं. तिनं मागची पानं उलटली.  जिथं जिथं काही वाईट ठरलं होतं, तिथं तिथं ते बकुळानं सुचवलेलं होतं.

“चष्मा घरी राहिला,” ती म्हणाली.

“आत्ता तर वाचलंत!”

“वाचलं ते डोळे फाडून. सही वाकडी यायची,” असं म्हणून ती बाहेर आली.  भात खाली लागला होता.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता शेठची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. पोरं गाडीभोवती जमली, पुतळाबाई ओट्यावर आली. शेठ एकटाच चालत आला, वही काखेत घेऊन. लहानूनं खुर्ची पुसून दिली. कालपर्यंत घर डोक्यावर घेणाऱ्या त्या माणसानं शेठसमोर मात्र आवाज चढवला नाही. चाळीस वर्षांत बकुळानं त्याला इतकं हळू बोलताना पाहिलं नव्हतं.

“वहिनी, चष्मा सापडला का?” शेठनं हसून विचारलं.

“न्हाय.”

“सापडेल, सापडेल. टेन्शन नही लेने का.” त्यानं चहाचा घोट घेतला. “आपण लोकांची सेवा करतो, मुक्या जनावरांची करतो, आणि एक मास्तरीण येऊन आपल्याला चोर ठरवते. सोमवारी एकच बोलायचं. सभा झाली, ठराव झाला, कुत्री गुजरातला गेली. बाकी बोलायला आमचा वकील आहे.”

“आई तर त्या दिवशी विहारात होती,” संघरत्ना म्हणाली. 

शेठ तिच्याकडं वळला नाही. तो बकुळाकडंच बघत राहिला, अगदी प्रेमानं. “पोरगी हुशार आहे. पण वहिनी, सही तुमची, ठराव तुमचा. मी फक्त अध्यक्ष. चौकशी लागली तर साहेब मला विचारणार, हे कुणी सुचवलं? मी काय खोटं बोलू?” मग तो नरेंद्रकडं वळला. “याची नाइट शिफ्ट काढून मी डे लावली, तेव्हा तुम्ही कागद वाचायला मागितला नव्हता.”

नरेंद्र खाली बघत होता. 

“सकाळी नऊला गाडी पाठवतो,” शेठ उठला. “सगळे विश्वस्त एकत्र जाऊ. वही गाडीत असेल. चष्मा विसरू नका.”

गाडी गेल्याचा आवाज आला. लहानूनं खुर्ची आत ओढली. “करून टाक सही. मोठी माणसं हायत. आपण कुठं त्यांच्या नादी लागायचं?”

“नाय! आई, तू फोटो दाखव, सही माझी नाय म्हण, मोकळी हो,” संघरत्ना म्हणाली.

“दोन्हीकडून मरण माझंच,” नरेंद्र पुटपुटला.

बकुळानं शेठची कपबशी उचलली. अर्धा चहा तसाच होता. तिनं तो मोरीत ओतला. पोरीचं ऐकलं तर ती सुटत होती, पण मग खोटी सही कुणी केली म्हणून बोट कुमारकडं जाणार होतं, नाहीतर नवशाकडं. आणि वहीतली एक्केचाळीस कुत्री गुजरातमध्ये पाट्यांतून भात खात राहणार होती. शेठचं ऐकलं, तर उद्यापासून प्रत्येक पाडव्याला ती आणखी काहीतरी सुचवणार होती, आणि काय सुचवलं ते तिला पोस्टमन सांगणार होता. समोर रूपाही बसलेली असणार होती. तिच्याकडं बघून ‘खातोय चांगला’ हे चौथ्यांदा म्हणायचं.  जेलपेक्षा तिला याचीच भीती जास्त वाटली.

ती बाहेर येऊन उंबऱ्याजवळ बसली. भीती गेली नव्हती.  शब्द फुटले ते बाजाराची यादी सांगावी तसे.

“उद्या शेठच्या गाडीत मी बसणार न्हाय. साडेसातच्या एसटीनं ठाण्याला जाणार. सही माझी हाय म्हणून सांगणार. पान कोरं होतं, सभा झालीच न्हाय, कुत्री मेली, मागं पुरलीत, आणि त्या बाईशी मी तीनदा खोटं बोलले, हेबी सांगणार. पुढं काय करायचं ते त्यांनी करावं. संघरत्ना, तू सुट्टी टाक, माझ्यासंगं चल. नरेंद्र, तू उद्यापासून दुसरी ड्युटी बघ.”