घरचा मॉनिटर

टेस्टरकाकांच्या खिशात पेन कधी कुणी पाहिलं नाही, टेस्टर मात्र कायम. म्हणून हे नाव पडलं. जिन्याखालचं त्यांचं दुकान हातपाय पसरायलाही पुरत नसे, पण मान टाकलेला कुठलाही मॉनिटर तिथून डोळे उघडूनच बाहेर पडणार, असा लौकिक. घरचा कारभार वेगळा. दारावरची बेल मुकी, मिक्सर चापट मारल्याशिवाय फिरत नसे. "रविवारी बघू," हे काकांचं ठरलेलं उत्तर, आणि रविवारी ते दुकान उघडत.

बायको गेली त्याला महिना होत आला होता. झोपेतच गेली, कुणाला कसला त्रास न देता. काकांनी सगळं रीतसर केलं, आल्यागेल्याची विचारपूस केली आणि पुन्हा दुकानात जाऊन बसले. डोळ्यांतून टिपूस नाही. धाकटी मेहुणी तर तोंडावर म्हणाली, "भावोजी, एकदा रडून घ्या हो. असं कोंडून ठेवलंत तर तुम्हीच आडवे व्हाल." काकांनाही ते पटत होतं, पण रडू येतच नव्हतं, त्याला काय करणार? जेवण, झोप, काम, सगळं नुसतं पार पडत होतं. आपलं तिच्यावर प्रेम होतं की फक्त सवय, ही भीती तेवढी अधूनमधून शिवून जाई.

बायको घरी बसून छापखान्यासाठी कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावायची. एक पुस्तक अर्धं राहिलं होतं. ते पुरं करायला लेक बसली, तर मॉनिटर सुरूच होईना.

"बाबा, बटण दाबलं तर साधा दिवाही लागत नाही. बघता का?"

या वेळी काका रविवार म्हणाले नाहीत. वायर तपासली, प्लग बदलून पाहिला, मग मॉनिटर टेबलावर पालथा घालून मागचं झाकण उचकटलं. आत दोन कपॅसिटर माथ्यावर टम्म फुगलेले. नेहमीचाच आजार. असा मॉनिटर गार असताना कुरकुरतो, जरा ऊब मिळाली की चालतो आणि एक दिवस कायमचा संपावर जातो.

बायकोनं मागे एकदा सांगितलं होतं खरं. "अहो, हा सकाळी लवकर जागा होत नाही." नंतर तिनं विषय काढला नाही, तेव्हा बरा झाला असेल असं धरून काका मोकळे झाले. असले आजार आपोआप जात नाहीत, हे ते गिऱ्हाइकांना रोज ऐकवत. घरी सोयीनं विसरले.

झाकण बाजूला ठेवताना त्यांचं बोट अडखळलं. हवा जायच्या फटी एका बाजूला वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. आतून एवढी उष्णता येत नाही. बाहेरून कुणीतरी शेक दिला होता.

"हे कशानं झालं गं?"

लेक जरा घुटमळली. "आई रोज सकाळी मागून केसांचा ड्रायर धरायची. गरम झाला की सुरू व्हायचा. मी म्हटलं बाबांना सांग, तर म्हणाली, दिवसभर लोकांचे मॉनिटर उघडून जीव मेटाकुटीला येतो त्यांचा, घरी आणखी कशाला."

ड्रायरचा तो आवाज काकांनी रोज ऐकला होता. बाहेर चहा पिताना आत घर्र सुरू झालं की ते हटकून म्हणत, "केस मूठभर आणि आवाज गावभर." ती आतून हसायची. उत्तर तिनं कधी दिलं नाही.

त्यांनी नवे कपॅसिटर बसवले, सोल्डरचे डाग दिले, झाकण लावलं. बटण दाबताच दिवा लागला, पडदा उजळला. काम अर्ध्या तासाचंही नव्हतं. स्वतःचा राग यायला हवा होता, तोही आला नाही. हात धुऊन ते जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका बाहेर चहा घेऊन बसले होते. लेकीनं न्हाऊन आतल्या खोलीत ड्रायर लावला. घर्र ऐकताच काकांचं तोंड सवयीनं उघडलं.

"केस मूठभर आणि..."

पुढचे शब्द आलेच नाहीत. चहा मांडीवर सांडला तरी त्यांना कळलं नाही. लाज सोडून, लहान मुलासारखे ते ओक्साबोक्शी रडायला लागले. लेक ड्रायर बंद करून ओल्या केसांनी धावत बाहेर आली.

"लाव तो परत," काका म्हणाले. "थोडा वेळ चालू राहू दे."